सवलतीचा स्टुडिओ : आपण कमी भाडं भरतो तेव्हा उरलेलं कोण भरतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कोल्हापुरात जी. डी. आर्ट करून तुम्ही चार वर्षं एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवताय, रात्री घरच्या माळ्यावर लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून काढायचे छाप, करताय, आणि आता एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडनं रेघ खोदून काढायचे छाप, करायचेत तर दाब देणारा प्रेस नाही. दिल्ली-अहमदाबादकडे कलाकारांना सवलतीत स्टुडिओ मिळतात, वर्षभर जवळजवळ फुकटात काम करता येतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. तर हे चालतं कसं, पैसे कोण देतं, बदल्यात चित्रं ठेवून घेतात का, निवड कशी होते, नोकरी सोडावी का आणि वर्ष संपल्यावर काय, असं तुम्ही विचारलंय. मी छापाचित्रकार आहे. अशा तीन ठिकाणी राहून काम केलं, पुढे निवड समितीवर बसलो, काही वर्षं एका ग्राफिक, म्हणजे छापाचित्रांच्या, कार्यशाळेची व्यवस्थाही पाहिली. घेणाऱ्याची बाजू आणि देणाऱ्याची बाजू दोन्ही माहीत आहेत, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

तुम्ही शाळेत आहात, तेव्हा शाळेचंच उदाहरण घेऊ. वेतन अनुदान वेगळं आणि वेतनेतर अनुदान वेगळं, हे तुमच्याकडे स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ असेल. पगाराची सोय झाली तरी खडू, दुरुस्ती, विजेचं बिल यांसाठी संस्थेची धावाधाव चालूच असते. सवलतीच्या स्टुडिओतही तसंच आहे. जागेचं भाडं, प्रेस, भट्टी, मदतीला माणूस, एवढं कुणीतरी उचललेलं असतं. कागद, शाई, प्लेट, जेवणाचा डबा, घरी जायचं तिकीट, हे सगळं वेतनेतर, आणि ते बहुतेक वेळा आपल्या खिशातून. माझ्या पहिल्या वर्षी भाड्यापेक्षा कागदावर जास्त पैसे गेले होते. ‘जवळजवळ फुकट’ हे शब्द ऐकले की आधी वही काढून हा दुसरा रकाना भरा.

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात, त्याही आधी सुट्या करून घ्या. एक, नुसता स्टुडिओ: खोली किंवा सामूहिक कार्यशाळेतली जागा, बाजारापेक्षा कमी भाड्यानं, राहायचं तुमचं तुम्ही बघायचं. दोन, रेसिडेन्सी: ठरावीक मुदत, राहायची सोय, कामाची जागा, कधी प्रवासखर्च आणि साहित्यासाठी थोडी रक्कम. तीन, फेलोशिप: दरमहा रोख विद्यावेतन, त्याच्यासोबत जागा असते किंवा नसतेही. याशिवाय आजकाल चौथा प्रकार वाढलाय, ज्यात कलाकारच आठवड्याला मोठी फी भरतो आणि त्यालाही रेसिडेन्सी म्हणतात. त्यातल्या काही जागा चांगल्या आहेत, पण तिथे अनुदान नाही, तो निसर्गरम्य ठिकाणचा पाहुणचार आहे आणि बिल तुमच्या नावावर आहे. तुमच्या परिस्थितीत त्या वाटेला जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. मी प्रत्येक तरुण कलाकाराला हेच सांगतो की स्टुडिओ बघायला जाल तेव्हा खिडक्या नंतर मोजा, आधी विचारा की उरलेलं भाडं कोण भरतं. जागा किती दिवस टिकेल, तुमच्याकडून काय मागतील, कोणत्या प्रकारची अडचण येईल, हे त्या एका उत्तरावरून बरंचसं कळतं.

मुंबईपासूनच सुरू करू, कारण आपल्याकडचा सगळ्यात सुंदर नमुना तिथे होता. वॉर्डन रोडवर, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई रोडवर, समुद्राला लागून भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. १९५०च्या दशकात आणि १९६०च्या दशकात तिथे नाममात्र भाड्यानं कलाकारांना खोल्या मिळायच्या. हुसेन तिथे रंगवत होते, वासुदेव गायतोंडे तिथे होते, नसरीन मोहमेदी होत्या. गच्चीवर दिग्दर्शक अल्काझींची नाटकं व्हायची, आणि रविशंकरांची किन्नरा संगीतशाळाही त्याच वास्तूत होती. सोली बाटलीवाला हा सगळा संसार सांभाळत होते. गायतोंडे मूळचे गोव्याचे, जन्म नागपूरचा, १९४८ साली जे. जे.मधून बाहेर पडलेले. घर सोडून निघालेल्या, मोजकंच रंगवणाऱ्या माणसाला बाजारभावानं मुंबईत खोली घ्यावी लागली असती, तर त्यानं महिना-महिना कॅनव्हाससमोर नुसतं बसून राहणं कसं परवडवलं असतं? ती बसून राहायची मुभा, हेच खरं अनुदान होतं. पण त्यामागे एका ट्रस्टची आणि काही मोजक्या माणसांची इच्छा होती, दुसरं काही नव्हतं. जमिनीची किंमत चढत गेली, इन्स्टिट्यूट बंद पडली आणि ती वास्तू पाडली गेली. तिथे काम केलेल्यांपैकी कुणाच्याही हातात काही कागद नव्हता.

दुसरा दाता सरकार. १९५४ साली स्थापन झालेल्या ललित कला अकादमीनं १९७६ साली दिल्लीत गढीचे स्टुडिओ उभारले. ईस्ट ऑफ कैलासजवळ एका जुन्या तटबंदीच्या आत चित्र, शिल्प, ग्राफिक आणि सिरॅमिकच्या सामूहिक कार्यशाळा आहेत, शिवाय काही स्वतंत्र खोल्या. शिल्पकार शंखो चौधुरी तेव्हा अकादमीत होते आणि त्यांच्या पुढाकारानं हे झालं. चेन्नई, कोलकाता, लखनौ, भुवनेश्वर इथेही अकादमीची प्रादेशिक केंद्रं आहेत आणि तिथेही कार्यशाळा आहेत. सरकारी जागेचा मोठा फायदा म्हणजे ती एका रात्रीत बंद पडत नाही, भाडं खरोखर कमी असतं, आणि तुम्ही काय काढताय यात सहसा कुणी नाक खुपसत नाही. तोटा असा की रोलरची बेअरिंग गेली तर फाईल फिरते, आणि ती फिरेपर्यंत प्रेस झाकून ठेवलेला असतो. सगळ्यात अवघड प्रश्न मुदतीचा. वर्षभरासाठी आलेला कलाकार दहा-दहा वर्षं जागा सोडत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. मला दोघांचंही दुःख कळतं. जो बसलाय त्याला बाहेर गाळा परवडणार नसतो, आणि जो बाहेर रांगेत उभा आहे त्याचं वय निघून जात असतं. तरीही माझं मत रांगेतल्यांच्या बाजूनं आहे. सार्वजनिक पैशावरचा स्टुडिओ फिरता राहिला पाहिजे.

तिसरा दाता एखादं उद्योगपती कुटुंब किंवा खासगी ट्रस्ट. अहमदाबादचं कनोरिया सेंटर फॉर आर्ट्स १९८४ साली सुरू झालं, सेप्ट या वास्तुकलेच्या शिक्षणसंस्थेच्या आवारात, वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी बांधलेल्या इमारतीत. पेंटिंग, शिल्प, सिरॅमिक, छापाचित्र या चारही गोष्टींची सोय एका छताखाली आहे. दोशी आपल्या पुण्याचे. त्या उतरत्या काचांमधून येणारा उत्तरेचा उजेड एकदा बघून या, चित्रकाराला कसली जागा लागते हे त्यांना नीट कळलं होतं. अशा ठिकाणी देखभाल चांगली असते, शिस्त असते, निवड कसून होते. पुढच्या पिढीला आवड राहील का, हा प्रश्न मात्र प्रत्येक कौटुंबिक ट्रस्टपुढे असतो.

चौथी तऱ्हा परदेशातली आहे, पण ती आपल्याला उपयोगी म्हणून सांगतो. लंडनमध्ये १९६८ साली ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली या चित्रकारांनी स्पेस नावाची संस्था काढली आणि सेंट कॅथरीन डॉक्सच्या रिकाम्या गोदामांत कलाकारांना बसवलं. गोदीचं काम थांबलं होतं, नवीन बांधकाम व्हायचं होतं, मधल्या काळात जागा पडून होती. १९७२ साली ॲक्मे निघाली. तिनं पाडायला काढलेली घरं ग्रेटर लंडन कौन्सिलकडून घेऊन कलाकारांना दिली. म्हणजे अनुदान पैशाचं नव्हतं, जागेच्या मोकळ्या काळाचं होतं. मुंबईत गिरण्या बंद पडून वर्षानुवर्षं रिकाम्या होत्या, तेव्हा असं काही उभं राहिलं नाही याची मला आजही खंत वाटते. मात्र अशा जागेत गेलात तर सामान बांधून ठेवलेलं बरं, कारण बांधकाम सुरू व्हायची तारीख मालकाच्या हातात असते.

आणि पाचवी तऱ्हा, कलाकारांनी एकमेकांना दिलेलं अनुदान. १९६६ साली चित्रकार के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मद्रासजवळ चोळमंडळ ही कलाकारांची वसाहत वसवली. बाटिक आणि इतर हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या आणि त्या पैशांतून समुद्रकाठची जमीन घेतली. सकाळी बाटिक, दुपारी स्वतःचं चित्र. तिथे कुणी कुणाला जागा सोडा म्हणायला येत नाही, कारण जागा त्यांचीच आहे. लंडनचं गॅसवर्क्स १९९४ सालचं. तिथे स्थानिक कलाकारांसाठी परवडणाऱ्या भाड्याचे स्टुडिओ आहेत, आणि त्याच इमारतीत परदेशी कलाकारांना वेगळ्या निधीतून बोलावलं जातं. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्टच्या मदतीनं भारतीय कलाकार तिथे जात आलेत. दिल्लीची खोज ही संस्थाही गॅसवर्क्ससारखीच ट्रँगल नावाच्या, कलाकारांच्या संस्थांच्या परिवारातली. १९९७ साली मोदीनगरला कार्यशाळा भरवून तिची सुरुवात झाली, नंतर खिडकी एक्स्टेन्शनमध्ये स्टुडिओ झाले. खोजसारख्या ठिकाणी प्रकल्पावर निवड होते. तुम्हाला वर्षभर प्रेसवर बसून हात तयार करायचा असेल, तर ती जागा तुमची नाही. तिथे नवा विचार घेऊन जायचं असतं आणि काही आठवड्यांत तो लोकांपुढे मांडायचा असतो.

आता तुमच्या कामाचं बोलू. एचिंग करणाऱ्याला सवलतीच्या स्टुडिओत भाड्याच्या सवलतीपेक्षा मौल्यवान गोष्ट मिळते, ती म्हणजे प्रेसवरचा तंत्रसहायक. माझ्या पहिल्या कार्यशाळेत त्यांना सगळे मास्टरजी म्हणायचे. त्यांचं शिक्षण फारसं नव्हतं, पण प्लेट ॲसिडमधून काढून उजेडात तिरपी धरली की रेघ किती खोल गेलीय ते नखानं सांगायचे. मी पहिली झिंक प्लेट घेऊन गेलो, ती त्यांनी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि न बोलता कानस माझ्या हातात दिली. कड पंचेचाळीस अंशांत घासलेली नव्हती. अशी प्लेट रोलरखाली घातली की धारदार कड कागद कापते आणि कागदामागचं लोकरीचं ब्लँकेटही कापते. ती ब्लँकेटं बाहेरून मागवलेली होती आणि कार्यशाळेतल्या अकरा जणांची मिळून एकच जोडी होती. त्या दिवशी मी दीड तास फक्त कड घासली. सामूहिक जागेत काम करणं म्हणजे काय, हे मला त्या दीड तासात कळलं.

प्रेसच्या वेळा फळ्यावर लिहिलेल्या असतात. समजा तुम्हाला मंगळवारी सकाळी दहा ते एक मिळालं. तर सोमवारी संध्याकाळी कागद भिजवून, टिपकागदात गुंडाळून, प्लॅस्टिकखाली दाबून ठेवायचा. मंगळवारी साडेनऊला शाई घोटायला घ्यायची. दिल्लीत जानेवारीत शाई दगडासारखी होते, ती हॉटप्लेटवर मऊ करायला वीस मिनिटं जातात. प्लेटवर शाई चोपडायची, मलमलीनं पुसायची, शेवटी तळहातानं. एका नीट छापाला सुरुवातीला पाऊण तास लागतो. म्हणजे तीन तासांत चार छाप, त्यातला एक वाया. दहा प्रतींची आवृत्ती काढायला चार सकाळी गेल्या. हा हिशोब मी मुद्दाम देतोय, कारण अर्जात मुलं लिहितात की वर्षभरात चाळीस प्लेट करणार. बारा महिन्यांतला पहिला महिना जागा आणि माणसं समजण्यात जातो, एक महिना दुरुस्त्या, सुट्ट्या, आजारपण यांत, आणि शेवटचा सामान बांधण्यात आणि ना-हरकत दाखला मिळवण्यात. हातात नऊ महिने येतात. त्यात आठ-दहा चांगल्या प्लेट झाल्या तर ते उत्तम वर्ष.

ॲसिडबद्दल एक कळकळीचं सांगणं. जागा बघायला जाल तेव्हा ॲसिडच्या खोलीत जाऊन उभ्या राहा. एक्झॉस्ट पंखा चालू करून बघा, पाण्याचा नळ हाताशी आहे का बघा. नायट्रिकच्या वाफा छातीला लागतात. मी तरुणपणी ते अंगावर काढलं आणि आज जिना चढताना त्याची आठवण होते. तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरत असतील तर बरं, पण तेही हातमोजे घालूनच. पंखा बंद असेल तर कितीही सवलत असली तरी ती जागा घेऊ नका.

निवडीविषयी. मी बसलो होतो त्या एका बैठकीत जवळपास तीनशे अर्ज होते आणि आम्ही चौघं, दोन दिवस. पहिल्या फेरीत एका अर्जाला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यामुळे फोटो. ट्यूबलाइटखाली, भिंतीवर तिरपं टांगून, मोबाइलची सावली पडलेला फोटो आला की काम कितीही चांगलं असो, डोळा पुढे सरकतो. सकाळी नऊच्या सुमारास सावलीत, चित्राच्या समोर बरोबर मध्ये उभं राहून काढा. प्रत्येकाखाली माध्यम, आकार, साल. आठ कामं एका सुरातली द्या. कॉलेजची निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं आणि एखादं डिजिटल पोस्टर असं सगळं एकत्र घालू नका.

निवेदन तुम्ही आधी मराठीत लिहा. इंग्रजीत किंवा हिंदीत नंतर करून घ्या. सरळ इंग्रजीत लिहायला बसलं की हाताशी तयार शब्द येतात: ओळख, स्मृती, अवकाश. तीनशेपैकी दोनशे अर्जांत तेच असतात. त्या बैठकीत एका मुलीचा अर्ज आला होता. तिनं लिहिलं होतं की आजीच्या घरी चुलीमागच्या भिंतीवर काजळीचा जो थर बसलाय, त्याचा दाणा तिला चित्रात आणायचा आहे. कोळशानं तो येत नाही, लिनोत येत नाही. ॲक्वाटिंटमध्ये राळेची पूड प्लेटवर बसवून तापवतात आणि ॲसिड त्या कणांच्या मधून चावतं असं तिनं वाचलंय, तसा काळा तिला हवाय, आणि राळेची पेटी तुमच्याकडे आहे. पाच ओळी होत्या. तिला काय हवंय, ते इथेच का मिळेल, हे त्या पाच ओळींत आलं होतं. चौघांनीही एकमतानं तिचं नाव घेतलं. ओळखीपाळखी चालतात का, असंही तुम्ही विचारलंय. चालतात कधीकधी, नाकारत नाही. पण कार्यशाळेच्या जागांसाठी स्पर्धा मोठ्या फेलोशिपइतकी नसते, आणि जिला प्रेसची खरी गरज आहे ती अर्जात दिसून येते. एकदा नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा भरा. मलाही तिसऱ्या खेपेला मिळालं.

चित्रं ठेवून घेतात का? हो, बऱ्याच ठिकाणी एक काम संस्थेच्या संग्रहाला द्यावं लागतं, आणि ते मला रास्त वाटतं. छापाचित्रात तर तुमचं नुकसानही थोडं. फक्त दोन गोष्टी लिहून घ्या. द्यायची प्रत आवृत्तीतली की कलाकाराच्या राखीव प्रतींपैकी, आणि प्लेट कुणाकडे राहणार. प्लेट तुमची. ती संस्थेकडे ठेवायची अट असेल तर सही करू नका, कारण प्लेट ज्याच्याकडे, त्याला पुढेही छापता येतं.

चित्र देणं आणि हक्क देणं यांत फरक आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्राच्या हक्काचा पहिला मालक चित्रकारच. पण कलम १७ प्रमाणे एखाद्यानं मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून चित्र किंवा एनग्रेव्हिंग करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क करून घेणाऱ्याचा होतो. त्याच कायद्यात एनग्रेव्हिंगच्या व्याख्येत एचिंग, लिथोग्राफ, वुडकट सगळं येतं. म्हणून विद्यावेतन घेऊन जिथे जाल, तिथल्या कागदावर एक वाक्य असू द्या: या काळात केलेल्या कामाचा कॉपीराइट कलाकाराकडे राहील, संस्थेला फक्त माहितीपत्रकापुरती छायाचित्रं वापरता येतील. एवढं मागितलं म्हणून कुणी निवड रद्द करत नाही.

जागेचा कागद भाडेकराराचा नसतो. मुंबई-पुण्यात आपण ज्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतो, तशातला तो असतो: वापरायची परवानगी, भाडेकरूचा हक्क नाही. डिपॉझिट किती, परत कधी, वीज मीटरवर की सरसकट, रात्री काम करता येतं का, मुदतीआधी सोडलं तर काय, सुट्टीत सामान कुठे ठेवायचं, एवढं वाचून घ्या. बाईमाणसानं रात्रीची वेळ, चौकीदार आणि स्वच्छतागृह हे तिथे राहणाऱ्या दुसऱ्या कलाकार बाईलाच विचारावं. व्यवस्थापक ‘काही अडचण नाही’ असंच सांगतो.

परदेशी बोलावणं आलं तर जास्तच सावध. जनगढसिंह श्याम हे नाव तुम्ही ऐकलं असेल. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचा हा परधान गोंड मुलगा चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी भोपाळला आणला, १९८२ साली उघडलेल्या भारत भवनच्या ग्राफिक कार्यशाळेत तो काम करू लागला, आणि त्याच्या हातून गोंड चित्रकलेची एक नवी परंपराच उभी राहिली. सार्वजनिक कार्यशाळेनं काय घडू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. तेच जनगढ २००१ साली जपानमधल्या मिथिला म्युझियममध्ये कामासाठी राहत असताना गेले. त्यांनी तिथे आयुष्य संपवलं. वय चाळिशीचंच. त्यानंतर इथल्या कलाकारांनी विचारायला सुरुवात केली की अशा मुक्कामाच्या अटी काय असतात, मोबदला किती, परत यायचं तिकीट कुणाच्या हातात. म्हणून सांगतो: पासपोर्ट स्वतःजवळ, परतीचं तिकीट तारखेसह आधी, आरोग्य विमा, आणि मुदत वाढवायची तर तुमच्या लेखी होकारानंच. घरच्यांशी रोज बोलता येईल अशी सोय हवी. ही मागणी करताना संकोच करू नका.

नोकरी सोडू नका, निदान लगेच नाही. विनाअनुदानित शाळेतला पगार तुटपुंजा असेल, मला कल्पना आहे, पण तो दर महिन्याला येतो. आधी उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना-दीड महिन्याची जागा बघा. काही कार्यशाळा थोड्या दिवसांसाठी प्रेस वापरू देतात. तेवढ्यात कळेल की एचिंग तुम्हाला झेपतं आणि आवडतं का. मग वर्षासाठी अर्ज करा आणि निवड झाली की संस्थेकडे बिनपगारी रजा मागा. मुख्याध्यापकांना सांगा की परत आल्यावर मुलांसाठी छापाचित्राचा वर्ग सुरू कराल; माझ्या ओळखीतल्या दोघींना अशी रजा मिळाली. आणि जायच्या आधी सहा महिन्यांचा जेवणाखाण्याचा आणि साहित्याचा खर्च बाजूला असू द्या. पूर्ण वर्षाचा जमणार नाही, पण सहा महिने डोक्यावर टांगती तलवार नसेल तर काम होतं. मी दोन महिन्यांच्या पैशांवर गेलो होतो. तिसऱ्या महिन्यापासून दुपारी एका जाहिरात एजन्सीसाठी बोर्ड रंगवायला जायला लागलो आणि प्रेसवरची माझी वेळ दुसऱ्यानं वापरली. ती गेलेली दुपार अजून मनात आहे.

वर्ष संपल्यावर काय, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात उशिरा सापडलं. कार्यशाळेतून बाहेर पडलो तेव्हा पुन्हा हातात प्रेस नव्हता आणि पुढची तीन वर्षं मी छापाचित्र केलं नाही. मग आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून पुण्यात हडपसरच्या पुढे एक लहान गाळा घेतला आणि प्रेस बनवून घेतला. बनवून दिला तुमच्या कोल्हापूरनं. शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी एचिंग प्रेस कधी पाहिला नव्हता, पण उसाच्या चरकाचे रोलर हाताखालून गेलेले होते. मी त्यांना एक छाप दाखवला, कागदावर उठलेली प्लेटची कड बोटाला लावू दिली. त्यांनी दोन मिनिटं ती कड चाचपली आणि विचारलं, “म्हणजे दाब दोन्हीकडं सारखा पाहिजे, एवढंच नव्हं?” वरचा रोलर त्यांनी दोनदा खरादला, कारण पहिल्या खेपेला मधोमध केसभर फुगवटा होता. स्क्रूच्या वर दोन्ही बाजूंना खुणांची चकती बसवून दिली, म्हणजे दाब किती दिला ते वाचता येतं. ती कल्पना त्यांची. अठ्ठावीस इंची बेडचा तो प्रेस गेली अकरा वर्षं चालू आहे.

तेव्हा दिल्ली-अहमदाबादला अर्ज कराच. पण त्याआधी एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर तुमचा एखादा मोठा लिनोकट, प्लेटसकट, घेऊन उद्यमनगरात चक्कर मारा आणि लेथवाल्यांना विचारा की एवढा छाप काढायला रोलर किती जाड लागेल. आमच्या प्रेसची मापं मी काढून ठेवलीत: रोलरचा व्यास, बेडची जाडी, ब्लँकेट किती पदरी. हवी असतील तर मागा, चहाच्या डागांसकट तो कागद तसाच पाठवतो.